छापील पुस्तक, मोडी लिपी आणि पालक
मराठी प्राथमिक शाळेच्या इतिहासातील एक प्रकरण

शाळेत एखादे नवे साधन आले म्हणजे शिक्षक आणि पालक ह्यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीचे तीन-चतुर्थांश सभासद पालकांमधून असावेत असे ठरविले. पुढे २०२० साली साथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावरचा पाठ पालकाच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत होऊ लागला. तरीही आपले मूल नेमके काय शिकले हे पुष्कळ पालकांस सांगता येईना. ह्या प्रसंगाची चर्चा शिक्षणशास्त्राच्या अंगाने बरीच झाली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून जुना आहे. मराठी मुलखातील प्राथमिक शाळेत छापील पुस्तक हे यंत्रावर तयार झालेले पहिले साधन आले, ते साधारणतः १८२० नंतरच्या दोन दशकांत. त्याच्या आगमनाने शिक्षक आणि पालक ह्यांच्यामधील कोणता धागा तुटला, आणि १८८२ पर्यंत तो पुन्हा जोडावा असे कोणास वाटले, हे येथे पाहावयाचे आहे.

हा इतिहास सामान्यतः दोन प्रकारे सांगितला जातो. एका पक्षाच्या मते छापील पुस्तकाने पंतोजीच्या अंधाऱ्या शाळेत प्रकाश आणला आणि अडाणी पालकांनी केवळ जुन्याच्या मोहाने त्यास विरोध केला. दुसऱ्या पक्षाच्या मते परक्या सरकारने एक चालती व्यवस्था मोडून टाकली. ह्या दोन्ही मांडण्यांत पालकांची मागणी काय होती हे मात्र नीट तपासलेले नसते. ती मागणी मोडी लिपीची होती. ह्या मागणीला आपण आजवर द्यावे तितके महत्त्व दिलेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम जुन्या शाळेचे स्वरूप पाहू. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर एल्फिन्स्टन ह्यांच्या कारकिर्दीत, १८२४ पासून, जिल्ह्याजिल्ह्यांतून देशी शाळांची माहिती मागविण्यात आली. रा. वि. परुळेकर ह्यांनी ती कागदपत्रे संपादित करून प्रसिद्ध केल्यामुळे अभ्यासकांची मोठीच सोय झाली आहे. त्या पाहणीत सबंध इलाख्यात सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजारांच्या आसपास विद्यार्थी नोंदले गेले. ही नोंद अपुरी असल्याचे स्वतः परुळेकरांनी दाखविले आहे, आणि ते मान्य करण्यास हरकत नाही. तूर्त संख्येपेक्षा व्यवहार महत्त्वाचा. गव्हर्नरांच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट ह्यांनी १८२१ मध्ये लिहून ठेवले आहे की, पंतोजीस मिळणारा मोबदला पालकाच्या ऐपतीप्रमाणे पसाभर धान्यापासून महिन्याला रुपयापर्यंत असे. म्हणजे शिक्षकाचे पोट थेट पालकाच्या समाधानावर अवलंबून होते. मूल शिकत नाही असे दिसले, तर धान्य देणे बंद करण्यास कोणाची परवानगी लागत नसे.

परंतु मूल शिकते की नाही, हे निरक्षर पालकास कळे कसे? ह्या प्रश्नाचे उत्तर अहवालांपेक्षा भाषेत अधिक स्पष्ट सापडते. जुन्या शाळेतील शब्द आपल्या बोलण्यात अद्याप जिवंत आहेत. कोणत्याही कामाच्या आरंभास आपण ‘ओनामा’ म्हणतो. तो ‘ओं नमः सिद्धम्’ ह्या पहिल्या धड्याचा अवशेष होय. थोरांचा ‘कित्ता’ आपण गिरवतो. तो पंतोजीने घालून दिलेल्या नमुन्याच्या ओळीचा आहे. ‘धुळाक्षरे’ हा शब्द धूळपाटीची आठवण राखतो, आणि कारकुनी कामास तुच्छतेने ‘खर्डेघाशी’ म्हणताना आपण खर्ड्याच्या लेखनाचाच उल्लेख करीत असतो. ह्या मालिकेत ‘परवचा’ हा शब्द आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. दिवेलागणीनंतर मुलाने घरात बसून पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मोठ्याने म्हणावयाची, हा परवचा. तो म्हटला जाई शाळेत शिकलेला, परंतु ऐकला जाई घरात. ज्यास एक अक्षर वाचता येत नव्हते, त्या बापासही औटकीत मूल अडखळले हे कानाने कळत असे, कारण बाजारात साडेतीन मापांचा हिशेब तो स्वतः तोंडी करीत असे. पालकाने शिक्षकाच्या कामाची घेतलेली ही रोजची परीक्षा होती. तीस कागद लागत नसे, निरीक्षक लागत नसे.

पाढ्यांनंतरची परीक्षा मोडीची. पंतोजीच्या शाळेत जे लेखन शिकविले जाई ते प्रामुख्याने मोडीचे. वरच्या मुलांस जुनी पत्रे आणि कागद वाचावयास मिळत. पुढे घरी आलेले पत्र, कुळाची पावती, सावकाराचा रोखा मुलापुढे टाकावा आणि त्याने तो वाचून दाखवावा, एवढी साधी ही कसोटी होती. वाचता आले तर विद्या पदरी पडली, न आले तर पंतोजीस जाब विचारावयाचा.

ह्या शाळेची साधने म्हणजे लाकडी फळीवर पसरलेली धूळ किंवा विटकरीची भुकटी, खडू, बोरू आणि दौत. धूळपाटीसंबंधी एक गोष्ट येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही. मद्रासेजवळ एग्मोर येथील अनाथ मुलांच्या संस्थेवर देखरेख करणाऱ्या अँड्र्यू बेल ह्याने १७८९ च्या सुमारास देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवीत असताना पाहिली आणि ती रीत उचलली. १७९७ साली त्याने इंग्लंडात आपल्या प्रयोगाचा वृत्तांत छापला. पुढे बेल आणि लँकेस्टर ह्यांच्या नावांनी प्रसिद्ध झालेली, मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याची पद्धती मुंबईच्या शिक्षणसंस्थेने इकडे आणली, ती सुधारलेली विलायती पद्धती म्हणून. धूळ समुद्रापार जाऊन परत आली, आणि येताना तिला नवे नाव मिळाले.

आता छापील पुस्तकाकडे वळू. १८२२ साली मुंबईत देशी शाळा व शाळापुस्तके ह्यांसाठी स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. १८२७ पासून ती ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. देशी शिक्षणातील दोष शोधण्यास नेमलेल्या तिच्या समितीने ग्रंथांचा अभाव हा पहिला आणि मुख्य दोष ठरविला. पद्धती, शिक्षक आणि पैसा ह्यांची उणीव त्याच्या मागोमाग आली. एल्फिन्स्टन ह्यांच्या डिसेंबर १८२३ च्या टिपणातही शाळांस पुस्तके पुरविण्याची सूचना अगदी वरच्या क्रमांकावर आहे. पुस्तक नसलेली शाळा ही त्या पिढीच्या इंग्रज अधिकाऱ्यास शाळाच वाटत नव्हती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मंडळीचे देशी चिटणीस सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांचे ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये निघाले, इसापच्या कथाही त्याच वर्षी आल्या. १८२६ मध्ये मंडळीने तयार केलेले २४ शिक्षक जिल्ह्यांत पाठविण्यात आले. त्यांपैकी १४ मराठीचे व १० गुजरातीचे होते. ही संख्या लहान खरी, परंतु पालकाने न निवडलेला, पालकाकडून धान्य न घेणारा आणि हाती पुस्तक असलेला शिक्षक गावात प्रथमच उतरला, तो ह्या २४ जणांच्या रूपाने.

ती पुस्तके बाळबोध लिपीत होती. भाषाभ्यासकास येथे थांबणे भाग आहे. मोडी आणि बाळबोध ह्यांतील भेद केवळ अक्षरांच्या वळणाचा नव्हे. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरे जोडीत जातो. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची रीत तीत नाही. इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद ती दाखवीत नाही, एकेकच चिन्ह तिला पुरते. विरामचिन्हे तर बाळबोध पोथ्यांतही दंडापलीकडे फारशी नव्हती. ती मराठी गद्यात रुजविण्यासाठी मेजर कँडी ह्यांना १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे स्वतंत्र पुस्तकच लिहावे लागले. छापील बाळबोध पुस्तकाबरोबर ह्या सर्व गोष्टी एकदम शाळेत आल्या. शब्द सुटे झाले, वाक्याचा शेवट दिसू लागला, वाचन सोपे झाले. हा लाभ निःसंशय होता आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबरच ‘अशुद्ध लेखन’ हा पूर्वी नसलेला दोषही जन्मास आला. मोडी कागदात ‘पाणी’ची वेलांटी कोणती हा प्रश्नच संभवत नव्हता. बाळबोध वहीत तो संभवला, आणि हळूहळू मुलाची हुशारी त्याच्यावर मोजली जाऊ लागली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. त्यानंतरच्या शिक्षकाच्या हाती शुद्धाशुद्धतेचे एक शास्त्र आले, आणि ते त्यास परीक्षकाचा अधिकार देणारे होते. ह्या परीक्षेत घरी बसलेल्या बापास जागा नव्हती. मोडी पत्र वाचता आले की नाही हे त्याला कळत होते. वेलांटी चुकली की नाही हे त्याला कळत नव्हते, आणि ते कळून त्याच्या संसारात काय फरक पडणार, हेही त्याच्या ध्यानी येत नव्हते.

अशा स्थितीत ‘छापील पुस्तक नको, मोडी शिकवा’ असे पालक म्हणू लागले तर त्यात नवल नाही. अधिकाऱ्यांच्या भाषेत ह्यास अज्ञान म्हटले गेले. वस्तुतः आपल्याला तपासता येईल आणि व्यवहारात उपयोगी पडेल अशा विद्येची ती मागणी होती.

येथे एक प्रचलित समजूत दूर करावयास हवी. मुद्रणयंत्रामुळे मोडी मागे पडली, कारण मोडी छापता येत नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे खरे नाही. विल्यम कॅरी ह्याने श्रीरामपूर येथे १८१० मध्ये आपला मराठी कोश छापला, तोच मुळी मोडी खिळ्यांत. शिळाप्रेसवर तर लिपीचा प्रश्नच उद्भवत नाही. हाताने जे लिहिता येते ते दगडावरून उमटते, आणि मुंबईतील आरंभीची पुष्कळशी शालेय पुस्तके शिळाप्रेसवरच निघाली. पुढे शिक्षणखात्याने स्वतः मोडी वाचनाची शिळाछाप पुस्तके काढली, यावरूनही तेच सिद्ध होते. तेव्हा बाळबोध ही यंत्राची सक्ती नव्हती, ती माणसांनी केलेली निवड होती. बाळबोधीस पोथीची प्रतिष्ठा होती, संस्कृतज्ञ शास्त्री मंडळींस ती जवळची होती, आणि गावोगावच्या हस्ताक्षरांप्रमाणे न बदलणारी एकरूप लिपी कोणत्याही खात्यास सोयीची असते. ह्या कारणांपैकी एकही हीन नाही. मात्र निवड करताना ज्यांची मुले शिकणार होती त्यांना कोणी विचारले नाही.

विचारण्याची संधी पुढे एकदा आली होती. १८५२ च्या सुमारास बोर्ड ऑफ एज्युकेशनने अंशतः स्वावलंबी शाळांची योजना आखली. गावकऱ्यांनी शिक्षकाचा अर्धा पगार द्यावा, शाळेस जागा द्यावी आणि मुलांच्या पुस्तकांची सोय करावी. मग सरकार उरलेला अर्धा पगार देईल. पालक आणि सरकार ह्यांची ही भागीदारी कागदावर मोठी समंजस दिसते. पण तिच्यात एक विसंगती होती. पैसा अर्धा गावाचा, परंतु काय शिकवावे आणि कोणत्या पुस्तकातून शिकवावे हे सर्वस्वी खात्याचे. पंतोजीस धान्य देणारा बाप शिक्षणाचा आशय ठरवीत होता. अर्धा पगार देणारा बाप फक्त वर्गणीदार झाला. वर्गण्या थकू लागल्या. अधिकाऱ्यांनी ह्याचे कारण गावकऱ्यांच्या अनास्थेत शोधले. प्रस्तुत लेखकास ते उपरिनिर्दिष्ट विसंगतीतही दिसते.

ह्यावरचा सरकारी तोडगा १८६३ मध्ये निघाला. जमीनसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवावी आणि तिचा एक-तृतीयांश शिक्षणाकडे लावावा. १८६९ च्या कायद्याने ही पट्टी पक्की झाली. शाळांची संख्या तिच्यामुळे झपाट्याने वाढली हे मान्य केले पाहिजे. परंतु पालकाचे जे रूपांतर १८५२ मध्ये अर्धे झाले होते ते आता पूर्ण झाले. धान्य देणारा वर्गणीदार झाला होता, वर्गणीदार आता करदाता झाला. शाळा चांगली असो वा वाईट, किंबहुना गावात शाळा असो वा नसो, आणा द्यावयाचाच होता. ‘पालक’ हा शब्द जुना आहे, पण शाळेच्या नोंदवहीत ज्याचे नाव मुलाच्या नावाशेजारी लिहिले जाते तो, हा त्याचा आजचा अर्थ शाळाखात्याच्या दप्तराबरोबरच रूढ झालेला दिसतो. जुन्या शाळेत बापाचे नाव कोठे लिहिण्याची गरजच नव्हती. त्याला पंतोजी ओळखत होता.

एवढे वाचून पंतोजीच्या शाळेविषयी कोणाच्या मनात हळवा भाव उत्पन्न झाला असेल, तर तो वेळीच आवरावयास हवा. त्या शाळेत मुलींस स्थान नव्हते आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस दारही नव्हते. ज्या ‘पालकां’विषयी आपण बोलत आहो, ते गावातील काही घरांचे पालक होत. त्यांची सत्ता शिक्षकावर चाले, तशीच ती इतरांच्या मुलांवरही चाले. जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश नाकारल्याबद्दल मुंबई सरकारकडे अर्ज केला. त्यास प्रवेश मिळाला नाही. त्याला घेतल्यास बाकीची मुले शाळा सोडतील, ही भीती निर्णायक ठरली. ज्या सरकारने लिपी ठरविताना पालकांस विचारले नाही, त्याने बहिष्काराच्या बाबतीत मात्र त्यांचे मन इतक्या काळजीने जपावे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुण्यात जोतीराव फुले ह्यांनी १८४८ मध्ये मुलींची आणि १८५२ मध्ये महार-मांगांच्या मुलांची शाळा काढली, ती ह्याच परिस्थितीत. तेव्हा पालकांची मागणी ऐकावी की नाही, हा प्रश्न फुल्यांपुढे केवळ शैक्षणिक नव्हता. कोणाच्या पालकांची, हे त्यांस आधी विचारावे लागत होते.

मोडीच्या प्रश्नात किती मोठी गोष्ट पणाला लागली होती, हे १८७५ मध्ये दिसून आले. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दंगलकऱ्यांचा रोख माणसांवर फारसा नव्हता, कागदांवर होता. रोखे, खते, गहाणाचे दस्तऐवज शोधून काढावयाचे आणि जाळावयाचे, हा त्या उठावाचा मुख्य कार्यक्रम होता. हे कागद मोडीत लिहिलेले असत. ज्याने अंगठा उठविला त्यास ते वाचता येत नव्हते. कोर्टात मात्र तेच कागद त्याच्याविरुद्ध बोलत. आता ह्या चित्राशेजारी सरकारी शाळेचे चित्र ठेवून पाहावे. ज्या शेतकऱ्याचा मुलगा दोन-तीन वर्षे शाळेत गेला असेल, त्यास बाळबोध पुस्तकातील सिंहाची गोष्ट वाचता येई. बापाच्या नावाने लिहिलेले खत वाचण्याइतकी मोडी त्याच्या हाती आलेली असेलच असे नाही. मोडी पाठ्यक्रमातून अगदी नाहीशी झाली नव्हती. परंतु शाळेचे पहिले दार बाळबोधीचे होते, आणि बहुसंख्य शेतकरी मुले त्या पहिल्या दारातूनच परत फिरत. दोन वर्षांत जे पदरी पडते तेवढेच ज्याच्या वाट्याचे आहे, त्यास आधी काय शिकवावे, ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या जमिनीशी जोडलेले होते.

सरकारने ह्यावर केलेला उपाय मोठा बोलका आहे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज गावनोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा आणि त्याने तो साक्षांकित करावा, असे बंधन घातले. म्हणजे शेतकऱ्यास कागद वाचता येत नाही हे गृहीत धरून त्याच्यासाठी वाचणारा माणूस नेमण्यात आला. कायद्याने आलेला हा वाचक आवश्यक होता ह्यात वाद नाही. पण पंचावन्न वर्षे शाळा चालवूनही तो नेमावा लागला, हा त्या शाळेवरचा अभिप्रायच मानावा लागेल.

ह्या पार्श्वभूमीवर १८८२ च्या हंटर आयोगापुढे फुले ह्यांनी १९ ऑक्टोबर रोजी सादर केलेले निवेदन वाचले म्हणजे त्यातील एक वाक्य निराळेच उजळून निघते. निवेदन इंग्रजीत आहे. सही करताना त्यांनी आपण व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर असल्याचे लिहिले आहे. शेतकऱ्यांच्या करातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, ही त्यांची तक्रार सर्वपरिचित आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, ही सूचनाही प्रसिद्ध आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो प्राथमिक शाळेचा त्यांनी सुचविलेला पाठ्यक्रम. त्यात मोडी आणि बाळबोध ह्यांचे वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य ह्यांवरील थोडे पाठ येतात. मोडीचे नाव बाळबोधीच्या आधी आहे. ह्या क्रमातून फार मोठा अर्थ काढू नये हे खरे, तथापि चालू क्रमिक पुस्तकांतील बराचसा मजकूर व्यवहारोपयोगी नाही, म्हणून ती नव्याने रचावीत, असेही तेच निवेदन सांगते. तेव्हा मोडीचा उल्लेख सहज आलेला नाही, असे मानण्यास आधार आहे.

शिक्षकाविषयीच्या त्यांच्या सूचना ह्याच्याशी जोडून वाचल्या पाहिजेत. बहुतेक शिक्षक ब्राह्मण असून त्यांतील फार थोडे प्रशिक्षित आहेत, पगार दहा रुपयांच्या वर क्वचित जातो, असे सांगून त्यांनी प्रशिक्षित आणि शक्य तेथे शेतकरी वर्गातून आलेले शिक्षक नेमण्याची मागणी केली. अशा शिक्षकास लोकांत मिसळता येईल आणि त्यांच्या गरजा कळतील, आणि नांगराच्या रुमण्यास किंवा सुताराच्या वाकसास हात लावण्याची लाज वाटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यास निदान बारा रुपये पगार असावा. निरीक्षकांनी वर्षातून एकदा नव्हे तर दर तिमाहीस, आणि तेही आगाऊ वर्दी न देता यावे. ह्या सर्व सूचनांत एक सूत्र आहे. पालक पूर्वी जी तपासणी स्वतः करीत होता ती त्याच्या हातून गेली आहे, हे फुले ओळखतात. धान्यावर राहणारा पंतोजी परत आणावा असे त्यांस मुळीच वाटत नाही. त्यांच्या वर्गातील कित्येकांस त्या पंतोजीच्या शाळेत जागाच नव्हती. त्यांस हवी आहे ती सरकारी शाळा, छापील पुस्तक आणि सक्तीसुद्धा. मात्र तीत शिकविले जाणारे ज्ञान शेतकऱ्याच्या घरात उघडून दाखविता येईल असे असावे, आणि शिक्षक त्या घराची भाषा समजणारा असावा. जुन्या शाळेतील जबाबदारी आणि नव्या शाळेतील समावेश ह्या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न त्या काळी इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी केल्याचे प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

आयोगाने आणि खात्याने ह्यातील किती स्वीकारले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मोडी शाळेत राहिली, पण दुय्यम विषय म्हणून. सुवाच्य अक्षराच्या तासाशेजारी तिला एक कोपरा मिळाला. १९१७ मध्ये मुंबई सरकारने प्रशासनाच्या कामी मोडीऐवजी बाळबोध घेण्याचे ठरविले. योगायोगाने त्याच वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. प्रेंडरगास्टने नोंदलेला सर्वांत मोठा मोबदलाही महिन्याला रुपयाच होता. शाळा आणि पालक ह्यांच्यामधील त्या रुपयाची दिशा शंभर वर्षांत उलटी झाली. कोल्हापूरचा कायदा पुरोगामी होता आणि त्याने हजारो मुले शाळेत आणली, हे सांगावयास नकोच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून ओसरली, आणि त्यानंतरच्या पिढीस आजोबांच्या हातचे पत्र वाचण्यासाठी जाणकार शोधावा लागू लागला.

त्या जाणकारांची मोठ्या प्रमाणावर गरज अगदी अलीकडे, २०२३ साली भासली. मराठा समाजातील कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून १९६७ पूर्वीचे दस्तऐवज उघडण्यात आले. महसुली कागदांबरोबर त्यांत जुन्या प्राथमिक शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरेही होती, आणि जुन्या नोंदींपैकी कित्येक मोडीत होत्या. गावच्या मास्तरने बोरूने किंवा टाकाने ओढलेल्या शिरोरेघेखाली मुलाचे नाव, पालकाचे नाव, जात आणि धंदा एका ओळीत, मध्ये जागा न सोडता लिहिलेला असे. आपल्या मुलाच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधणारे पालक तहसील कचेरीत उभे राहिले, आणि ती ओळ वाचून दाखविण्यासाठी प्रशासनाने मोडी वाचकांची यादी करून त्यांस पाचारण केले.